बाबांच्या पंच्याहत्तरीला घरगुती गाण्याची बैठक, कलाकार कसे ठरवायचे?

आमसूल_सार

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांना जानेवारीत ७५ पूर्ण होतायत. हॉल, स्टेज, बुफे, फोटोबूथ असलं त्यांना काही नकोय. मागे एका लग्नात डीजे सुरू झाला तसं त्यांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं आणि तासभर पार्किंगमध्ये ड्रायव्हर लोकांबरोबर गप्पा मारत बसले. पण गाणं मात्र जीव की प्राण. रमणबागेत भारतीय बैठकीवर शाल पांघरून रात्र रात्र सवाई ऐकलेला माणूस आहे. म्हणून मी म्हटलं की समोर बसून गाणारी-वाजवणारी माणसं बोलवू, पेटी, तबला, एक गायक नाहीतर गायिका, नाट्यगीतं भावगीतं अभंग, दोन तास, बास.

माणसं ६०-६५ होतील. जागा दोन आहेत, सोसायटीचं क्लबहाऊस (बंद खोली, फरशी, वर पत्र्याचं नाही, स्लॅब आहे) किंवा गच्ची. कोथरूड. बजेट गाण्याचं सगळं मिळून ४० हजारांपर्यंत. भावाचं म्हणणं वेगळंच, तो म्हणतो गिटार-कहोन (ते वर बसून हाताने वाजवायचं लाकडी खोकं) वाजवणारी कॅफेतली पोरं बोलवू, तरुण मंडळी कंटाळणार नाहीत, आणि बायकोच्या माहेरचे कुणीतरी ओळखीचे आहेत ते कराओके फुकटात करतील. कराओके ऐकून मी उठूनच गेले.

तर प्रश्न असे की माणसं शोधायची कुठे, पैसे कसे बोलायचे (मला फार लाज वाटते कलाकाराशी भाव करायला), माइक लागतात की नाही, आणि जेवण आधी की नंतर की मधे? आमच्याकडे जेवणावरूनच दोन गट पडलेत.

---

गोदाकाठची

जेवण मधे अजिबात नको. अजिबात म्हणजे अजिबात नको. माझ्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही हा शहाणपणा केलाय, पाहुणे लांबून आलेत, उशीर होईल, म्हणून केटररला म्हटलं गाणं चालू असतानाच स्टार्टर फिरव. गायिका बिचारी विलंबित लयीतलं काहीतरी छान आळवत होती आणि मागे एक मुलगा प्रत्येक रांगेत वाकून "काकू ग्रीन चटणी की रेड" विचारत होता. त्यात कॉर्न पॅटिस. कडक. साठ माणसं एकदम कॉर्न पॅटिस खातात तेव्हा केवढा आवाज होतो ते मला त्या दिवशी कळलं. दोन गाण्यांनंतर तिने हात जोडून अगदी गोड आवाजात विचारलं, "आपण सगळे खाऊन घेऊया का आधी, मीही घेते." आईला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की विचारू नका.

आमच्याकडे कलाकार कसे मिळाले ते सांगते. भाचीच्या गाण्याच्या क्लासच्या बाईंना विचारलं, त्यांनी त्यांची विशारद झालेली विद्यार्थिनी सुचवली, आणि पेटी-तबला तिनेच आणले. इव्हेंटवाल्यांकडून गेलो असतो तर दुप्पट पडलं असतं आणि कोण येणार ते त्या दिवशीच कळलं असतं.

---

धिरधिरकिटतक

ताई, मी तबला वाजवतो. नोकरी सांभाळून, पण महिन्यातून चार-पाच असे घरगुती कार्यक्रम असतातच, तेव्हा चादरीच्या दुसऱ्या बाजूने सांगतो.

पहिलं एकच ठरवा आणि ते कलाकार शोधायच्या आधी ठरवा. लोक ऐकायला बसणार आहेत की लोक भेटणार-बोलणार-खाणार आहेत आणि मागे काहीतरी छान वाजत राहणार आहे? दोन्ही चालतं, दोन्हीत कमीपणा काही नाही, मी दोन्ही वाजवतो. पण दुसरं हवं असेल तर गाणारा बोलवू नका, शब्द आले की लोकांना गप्प बसावं लागतं आणि गप्प बसणं जमलं नाही की गाणाऱ्याचा अपमान होतो. तिथे नुसतं वाद्य घ्या, बासरी-तबला, सतार, व्हायोलिन, काहीही. चार तास वाजवायला सांगा, कुणी बघितलं नाही तरी आम्हाला वाईट वाटत नाही, आम्ही तेच ठरवून आलेलो असतो. वाईट कधी वाटतं, तर मैफल म्हणून बोलावतात आणि तिथे गेल्यावर कळतं की आपण सजावट आहोत.

तुमच्या वर्णनावरून तुम्हाला मैफल हवीय. मग जेवण नंतर, आणि आधी हातात चहा-कॉफी नि एखादी बाकरवडी टेकवा म्हणजे मधुमेहवाले काका लोक अस्वस्थ होत नाहीत. साडेपाचला चहा, सहाला गाणं, आठला पानं. कलाकार गाण्याआधी पोटभर जेवत नाहीत पण नंतर भयंकर भूक लागते, आणि आम्ही वाद्यं आवरेपर्यंत बरेचदा गुलाबजाम संपलेले असतात, तेवढं बघा :)

गायक की गायिका ते एकदाच ठरवा, किंवा दोन्ही असतील तर तबलजीला आधी सांगा. सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतात. पुरुषांचा साधारण काळी एक, काळी दोन, बायकांचा काळी चार-पाचच्या आसपास. काळी एकला लहान तोंडाचा तबला लागतो, काळी चारला मोठ्या तोंडाचा. एकच तबला घेऊन आलो आणि तिथे कळलं की अहो यांचे भाऊपण गाणारेत, तर हातोडीने किती ठोकणार, पुडी (तबल्याचं चामडं) फाटते हो. डग्गा (डाव्या हाताचा) एक, तबले दोन, म्हणजे रिक्षाने येता येत नाही. हे सगळं फोनवर दोन मिनिटांत होतं पण कुणी विचारतच नाही.

गच्ची विसरा. जानेवारीत सात वाजल्यानंतर कोथरूडच्या गच्चीवर दव पडायला लागतं, चामडं ओल धरतं आणि तबल्याचा सूर उतरत जातो, दर गाण्यानंतर मी ठोकत बसणार आणि तुमचे पाहुणे मफलर शोधत बसणार. क्लबहाऊस छान आहे. फक्त फरशी नि स्लॅब असेल तर आवाज घुमतो, सतरंज्या गाद्या घाला, पडदे असतील तर ओढून घ्या. पंखे बारीक. एसी असला तर कलाकारांच्या अंगावर झोत नको, गळ्याला नको आणि वाद्यालाही नको.

माइक. हा प्रश्न सगळ्यात गमतीचा. लोकांना वाटतं अकूस्टिक म्हणजे माइक नाही. पंचवीस-तीस माणसं असतील आणि खोली गप्प असेल तर खरंच नको, त्यासारखं सुख नाही. साठ माणसांत मात्र पेटी आणि तबला मिळून गाणाऱ्याचे शब्द खातात, मागच्या रांगेला नुसते सूर पोचतात. म्हणून गाण्याला एक, पेटीला एक, तबल्याला एक, डग्ग्याला एक, निवेदन असेल तर त्यांना एक. दोन छोटे स्पीकर समोर, एक आमच्याकडे तोंड करून. सबवूफर आणला तर परत पाठवा. साउंडवाल्याला एवढंच सांगा की बैठकीचं गाणं आहे, एको नको. यातले अर्धे लोक लग्नाच्या सवयीने एको चढवून ठेवतात आणि मग अभंग विहिरीतून आल्यासारखा येतो.

पैशाचं उद्या लिहितो, आता रियाजाला बसायचंय.

---

कॅपोवाला

तबलेवाले दादांशी सहमत. पण मी भावाच्या बाजूने दोन शब्द बोलतो कारण मी तोच कॅफेतला पोरगा आहे, ठाण्यात वाजवतो, गिटार आणि गाणं मी, कहोनवर मित्र.

आम्ही ४५ मिनिटांचे दोन सेट करतो, मधे १५ मिनिटं ब्रेक. गाण्यांची यादी आठवडाभर आधी मागतो, जी येत नाहीत ती स्पष्ट सांगतो. आणि प्लीज, "अनप्लग्ड" म्हणून बोलावून प्लग पॉइंट न दिलेले यजमान मला भेटलेत. गिटारमधे पिकअप (तारांचा आवाज पकडणारा छोटा माइकच म्हणा) असतो, तो वायरने स्पीकरला जातो, नाहीतर कहोनपुढे गिटार ऐकू येत नाही. एक एक्स्टेन्शन बोर्ड लागतोच.

पण खरं सांगू का, ७५ वर्षांच्या सवाईवाल्या काकांपुढे मला बोलावू नका. मी भावगीत गिटारवर वाजवू शकतो, कॉर्ड बसतात, पण ज्या जागा त्यांना ऐकायच्या असतात त्या माझ्या गळ्यात नाहीत. त्यांचा वाढदिवस आहे, तरुण मंडळींचा नाही. तरुण मंडळी दोन तास मोबाइल बघतील, मरत नाहीत.

भावाला सांगा माझ्याकडून :D

---

कर्णोपकर्णी

आयडी मजेत घेतला होता पण काम खरंच कानाचं करते, श्रवणयंत्रं बसवते. सगळ्या प्रतिसादांत बाबांचं मशीन मागे पडलं म्हणून लिहितेय.

श्रवणयंत्र मुळात बोलणं ऐकण्यासाठी लावून दिलेलं असतं. बोलण्यात आवाज तुटक, चढउतार असलेला. गाण्यात लांब सरळ सूर येतो, आणि मशीनला वाटतं ही आपलीच शिट्टी वाजतेय, म्हणजे फीडबॅक, मग ते तो सूर दाबायला जातं. त्यातून सूर थरथरल्यासारखा किंवा चिरकल्यासारखा ऐकू येतो. बासरीला हे सगळ्यात जास्त होतं. कितीतरी आजोबा मला सांगतात की हल्लीचे लोक बेसूर गातात, आणि दोष मशीनच्या सेटिंगचा असतो. बऱ्याच मशीनमधे संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकता येतो, तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडे कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी जा, टाकून घ्या, आणि घरी एखादं रेकॉर्डिंग लावून सवय करू द्या. त्या दिवशीच नवीन प्रोग्रॅम नको.

बसायची जागा पण. स्पीकरसमोर नको. कलाकारांच्या समोर दुसरी रांग, थेट तोंड दिसेल असं, ओठ दिसले की शब्द निम्मे तिथेच कळतात. बासरी हवीच असं नसेल तर टाळलीत तरी चालेल.

---

म्हार्दोळकार

आमगेल्या गोंयांत असतात तर मी म्हटलं असतं कलाकार शोधायचे कशाला, गावचं घुमट-आरतीचं मंडळ बोलवा. घुमट (तोंडाला कातडं लावलेलं मातीचं मडकं), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कांसाळें (झांजा), वीस जण, माइक नको, वीज नको, काही नको. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं, ते वन्यजीव कायद्यात बसत नाही म्हणून आता बकऱ्याचं लावतात, जुने लोक अजून नाकं मुरडतात की तो नाद नाही म्हणून. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

पण कानाचं मशीन वाचून गप्प बसलो. बंद खोलीत वीस घुमटं म्हणजे काका परत पार्किंगमधे.

---

चेअरमन_बी_विंग

सर्व ठीक. परवानगीचं कुणीच बोलत नाही. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी पोलीस आले होते, साडेदहा वाजले होते, गच्चीवर गाणं चालू होतं, तक्रार शेजारच्या सोसायटीने केली. तेव्हा आधी नियम वाचा. लायसन्सपण लागतं म्हणे गाण्यांचं.

---

धिरधिरकिटतक

साहेबांचं बरोबर आहे पण घाबरायचं कारण नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि नंतरच्या दुरुस्तीनंतर नुसती वाद्यंसुद्धा त्यात आली. म्हणजे माइक नाही म्हणून गच्चीवर साडेदहाला ढोलकी चालेल असं नाही. बंद सभागृहाला आतल्यापुरती सूट आहे. दिवसासुद्धा निवासी भागात ५५ डेसिबलची मर्यादा आहेच. याच नियमामुळे सवाईतल्या रात्रभराच्या बैठका गेल्या, ताईंचे बाबा जे रात्र रात्र म्हणतात ते आता नाही. आठला गाणं संपतंय तर प्रश्नच येत नाही, सोसायटीला फक्त लेखी कळवा.

गाण्यांच्या हक्कांचं, लग्नाला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्यातच सूट आहे, कलम ५२ मधे. वाढदिवस त्यात येत नाही, पण तुमचं निमंत्रितांपुरतं घरगुती आहे, तिकीट नाही. हॉटेलात किंवा भाड्याच्या हॉलमधे केलंत तर त्यांना आधीच विचारा की लायसन्स तुमच्याकडे आहे की आम्ही घ्यायचं, आणि उत्तर मेसेजवर घ्या.

आता पैसे. मानधन विचारायला लाज वाटते म्हणता ना, ती आम्हालाही वाटते सांगायला, म्हणून दोन्हीकडून गोल गोल बोलणं होतं आणि मग गैरसमज होतात. सरळ विचारा, "तुमचं मानधन किती, त्यात साथीदार धरून की वेगळे, साउंड धरून की वेगळा, जाण्यायेण्याचं काय." एवढी चार वाक्यं. मग तुमचं बजेट सांगा. कमी असेल तर भाव करू नका, वेळ कमी करा, दोन तासांचं दीड तास करा, एक साथीदार कमी करा. "अहो घरचंच आहे, आमचे बाबा खूप रसिक आहेत" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याला सम धरता येते.

थोडा अ‍ॅडव्हान्स द्या, उरलेले त्याच दिवशी निघताना पाकिटात. शाल-श्रीफळ द्या, छान वाटतं, पण पाकिटाच्या ऐवजी नको. माझ्याकडे सतरा शाली आहेत.

माणसं कुठे मिळतील, तर विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकणारी मुलं फार चांगली तयार असतात, भारत गायन समाज, गांधर्व महाविद्यालय इथे चौकशी करा. यूट्यूबवरचा रंगवलेला व्हिडिओ बघून ठरवू नका, कुणीतरी मोबाइलवर काढलेलं एक सलग गाणं मागा. तारीख जानेवारीची आहे ते बरं, दिवाळी पहाट ते सवाई संपेपर्यंत आमच्यात कुणी मोकळं नसतं. पौषात लग्नं नसतात त्यामुळे साउंडवाले पण नीट बोलतात.

---

बेसमेंट_मैफल

न्यू जर्सीहून. आमच्याकडे अशा बैठका घराच्या तळघरात होतात, खाली कार्पेट, वर ठेंगणं छत, चाळीस माणसं मांडी घालून, माइक लागतच नाही. उलट आवाज इतका कोरडा होतो की गाणारे म्हणतात काही परत येत नाही. पेटी मात्र इथे कुणाकडे तरी असतेच, बहुतेक वेळा एखादी पट्टी अडकलेली, कलाकार आले की आधी स्क्रू-ड्रायव्हर मागतात.

फर्माइशींचं आधीच ठरवा एवढंच सुचवते. चिठ्ठ्या यायला लागल्या की कार्यक्रम हातातून जातो. आम्ही एक बशी ठेवतो, मध्यंतरापर्यंत चिठ्ठ्या टाका, त्यातल्या तीन गायिका निवडणार.

---

आमसूल_सार

मंडळी, झाला कार्यक्रम. उशीर झाला कळवायला पण इतकं लिहिलंत सगळ्यांनी, तर आधी हिशेब देते कारण मला तेव्हा कुणाकडूनच आकडा मिळत नव्हता. गायिका १२, पेटी ६, तबला ६, तालवाद्याला एक मुलगा ३, साउंड ८, गाद्या लोड सतरंज्या अडीच. साडेसदतीस हजार. हे आमचं झालं, दुसऱ्या कुणाचं वेगळं असेल. गायिका गाणं शिकवणाऱ्या लेले काकूंच्या क्लासमधून नाही तर त्यांच्या क्लाससमोरच्या पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांकडून मिळाली, ते म्हणाले ही मुलगी माझ्याकडे पेटी ट्यून करून नेते आणि परत आणून देते की एक स्वर अजून चढलाय, तिला बोलवा.

कर्णोपकर्णी, तुमचे पाय कुठे आहेत. प्रोग्रॅम टाकून घेतला, पंधरा दिवस बाबा घरात पेटीचंच रेकॉर्डिंग ऐकत होते. कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला त्यांनी शेजारच्या मामाला मोठ्याने (त्यांना वाटतं हळू बोलतोय) सांगितलं, "डग्गा उतरलाय जरा." सगळी खोली ऐकतेय. तबलजींनी मान डोलावली, हातोडी काढली, एक ठोका दिला आणि बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "आता ठीक." दोन वर्षांपूर्वी याच माणसाला दारावरची बेल ऐकू यायची नाही.

गोंधळ झालाच, नाही असं नाही. केटररने शेजारच्या खोलीत मिक्सर लावला, भर अभंगात, चटणी राहिली होती म्हणे. भाऊ धावत गेला आणि थेट प्लगच काढला, त्यात साउंडचापण निघाला कारण एकाच बोर्डवर दोन्ही. दोन मिनिटं माइक नव्हते. गायिका थांबली नाही, लोक आपोआप पुढे सरकले, मागचे उठून लोडांजवळ येऊन बसले, आणि माइक परत आल्यावर तिने खुणेनेच सांगितलं की कमी ठेवा.

आणि कराओकेवाले काका. आलेच. मध्यंतरात उभे राहून म्हणाले एक मीही म्हणतो, भावाच्या सासरचे, नाही कसं म्हणणार. पेटीवाल्या दादांनी विचारलं सूर कुठला, काका अगदी ठासून म्हणाले काळी दोन, आणि सुरू झाले पांढरी पाचला. दादांनी चेहरा न हलवता पहिल्या ओळीत सूर शोधला, दुसऱ्या ओळीत काका आणखी वर गेले, दादाही गेले. तबलजी छताकडे बघत ठेका धरून होते. बाबांनी टाळ्या वाजवल्या. खूप वेळ वाजवल्या, म्हणजे दुसरं गाणं सुरू होऊ नये म्हणून.

गुलाबजाम चार जणांचे वेगळे डब्यात काढून ठेवले होते, धिरधिर दादा. दोघांना गोड चालत नव्हतं.

ज्यांना ज्यांना गायिकेचा नंबर हवाय त्यांना तिला विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

चेअरमन_बी_विंग

मलाही पाठवा. आमच्या मिसेसची साठी आहे मे महिन्यात. क्लबहाऊसच आहे. गच्ची नाही.